एकच उत्तर असलेला प्रश्न

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा पदवीधर मला नावाने हाक मारत नसे. "आठवी" म्हणायचा. "आठवी, खिडकी लावा, आत येतंय पाणी." "आठवी, तुमची बाटली माझ्या कागदावर ठेवलीत." सुरुवातीला मी हसायचे. हसलं की समोरचा थांबतो, असं माहेरी सांगितलं होतं. तो थांबला नाही, तेव्हा मी हसायची थांबले. त्यानंतर आम्ही एकाच पंख्याखाली, एकमेकांकडे न बघता बसत होतो.

आठवी हे खरंच होतं, त्यामुळे भांडताही येईना. मी परभणीकडची. नववीची शाळा लांबच्या गावाला होती आणि घरी कापूस वेचणीला हात हवे होते, म्हणून आठवीला शाळा सुटली. नवरा रोड रोलर चालवतो. हायवेचं काम पोलादपूरच्या बाजूला सरकलं तसा तो तिकडच्या कॅम्पावर राहायला गेला. पत्र्याच्या त्या कॅम्पात बाईमाणसाची सोय नाही, म्हणून मला महाडात एक खोली घेऊन दिली. आषाढात आले मी. माणूस ओळखीचं एक नाही, भाकरी थापायला पीठ मिळतं ते तांदळाचं, आणि तोंड उघडलं की दुकानदार विचारणार, "कुठल्या घाटावरच्या तुम्ही?" मी 'का?' ऐवजी "कामून?" म्हटलं की त्यांची करमणूक व्हायची.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. महाडात पुराच्या भीतीने खालच्या मजल्यावर कोणी महागाचं सामान ठेवत नाही. जिन्याच्या दारावर कागद चिकटवला होता, 'व्हिडिओ बघून मराठीत लिहिण्यासाठी माणसं हवीत.' मी तीन दिवस तो कागद वाचून परत फिरत होते. चौथ्या दिवशी वर गेले. तिथल्या मॅडम मूळच्या महाडच्याच, शहरात बरीच वर्षं कॉम्प्युटरचं काम करून परत आलेल्या. त्यांनी शाळेचा दाखला मागितला नाही. एक दहा मिनिटांचा व्हिडिओ लावला आणि म्हणाल्या, "काय दिसतं ते लिहा." मी घाम पुसत पुसत दोन पानं लिहिली. त्यांनी मला ठेवून घेतलं. त्या दिवसापासून मी त्या बाईची आभारी आहे, आणि आभारी राहून राहून माझे दात आंबलेत, हेही इथेच सांगून टाकते.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन कॅमेरेवाल्यांनी वर्षभर महाड आणि पोलादपूर तालुक्यांत फिरून लोकांचं रोजचं जगणं टिपलं होतं. बाजार, बसस्टँड, शेत, देवळाची पायरी, काय वाट्टेल ते. शेकडो तासांचं. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांचे गट असे व्हिडिओ शोधायची सॉफ्टवेअर बनवतात. एवढ्या ढिगातून एक क्षण काढून दाखवायचा. यंत्र एकटं शोधत नाही, त्यापुढे माणूस बसतो. तो शब्द टाकतो, यंत्र चित्रं काढून देतं, माणूस म्हणतो हे नाही, असं पाहिजे, मग ते पुन्हा काढतं. दोघं मिळून शोधतात. कोणाचं सॉफ्टवेअर चांगलं हे ठरवायला वर्षातून एकदा त्यांना समोरासमोर बसवायचं आणि सगळ्यांना एकच प्रश्न टाकायचा. ते प्रश्न आमचं ऑफिस बनवत होतं. शोधणारं यंत्र बनवणं फार अवघड, असं ते लोक सांगतात. त्यांनी एकदा प्रश्न बनवून बघावा.

पण मला सुरुवातीला प्रश्न नव्हते. नुसत्या नोंदी. महाड तालुक्याचा भाग मला दिला होता, पोलादपूरचा त्या पदवीधराला, कारण तो तिकडच्याच कापडे गावचा. माझ्या वाट्याला बाजारपेठ, रिक्षास्टँड आणि गडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी. तिथली काकडी-ताकाची दुकानं, रोपवेची रांग, पर्यटकांना आवाज देणारे गाइड. दिवसभर बघायचं आणि लिहायचं. रात्री डोळे मिटले की रोपवेची रांग पुढे सरकायची.

मग एक दिवस मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं आणि आदल्या दिवशी दोघांनाही दाखवलेला एक व्हिडिओ, परत न बघता, आठवून लिहायला सांगितला. पदवीधराने लिहिलं, 'एक पुरुष, निळा शर्ट, हातात झारा, मागे डोंगर.' मी लिहिलं, 'भजीवाला गिऱ्हाइकाशी बोलायच्या नादात झारा तसाच हवेत धरून उभा राहतो आणि तेल त्याच्याच चपलेवर ठिबकतं.' मॅडम हसल्या. म्हणाल्या, "कोणी काहीतरी शोधायला बसतं ते असंच आठवतं. शर्टाचा रंग कोणाला आठवतोय?"

"पण यांना नियम समजतील का?" पदवीधराने विचारलं. माझ्यासमोरच.

"समजावून सांगू," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे बघा, यंदाचे सहा प्रश्न तुम्ही लिहा. चाचणीच्या दिवशी टिकले तर हे काम तुमचं. नाही टिकले तर परत नोंदींवर. आणि नोंदी मार्चमध्ये संपताहेत, हे तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. मार्चनंतर काम नाही म्हणजे खोली नाही. खोली नाही म्हणजे परभणी, सासरचं घर, आणि जावेची 'आलीस का शिकून?' अशी विचारपूस. मी मान हलवली.

नियम मॅडमनी फळ्यावर लिहून समजावले. प्रश्न तीन वाक्यांचा. घड्याळ सुरू झालं की पहिलं वाक्य पडद्यावर येतं, मिनिटभराने दुसरं, आणखी मिनिटभराने तिसरं. पहिलं वाक्य ढोबळ असावं पण खोटं नसावं. तिसऱ्याने जवळजवळ बोट दाखवावं. दुकानाच्या पाटीवरचं नाव प्रश्नात यायला नको, कारण यंत्र पाट्या वाचतं आणि तीन सेकंदांत काढून देतं, मग चाचणी कसली? उलट असंही नको की माणूस डोकं आपटून घेईल. आणि सगळ्यांत वरचा नियम, मॅडमनी खाली दोन रेघा मारल्या, तो म्हणजे उत्तर एकच असलं पाहिजे. ढिगात तसा दुसरा क्षण असता कामा नये. कारण कॉम्प्युटरला आपण तेवढा एकच क्षण बरोबर म्हणून सांगितलेला असतो. दुसरा कितीही हुबेहूब असला तरी तो लाल दिवा दाखवणार आणि त्या गटाचे गुण कापणार.

माझा पहिला प्रश्न इथेच आपटला. 'माकड बाईच्या हातातली काकडी पळवतं.' मला वाटलं, केवढी गंमत! हिरकणीवाडीच्या व्हिडिओंत परत शोधायला गेले तर जिकडे बघावं तिकडे माकड आणि जिकडे बघावं तिकडे काकडी. त्या माकडांचा धंदाच तो. पदवीधर खुर्ची मागे टाकून हसला. "आठवी, गडावर कधी गेला नाहीत वाटतं."

गेले नव्हते. कोण नेणार होतं?

म्हणून तपासणीचा नियम. मी लिहिलेला प्रश्न रजिस्टरमध्ये चढवायचा आणि पदवीधराने वाचून, आपल्या भागात तसं काही नाही ना हे बघून, सही करायची. 'माझ्या भागात असं नाही.' आणि प्रश्न बाहेर कोणालाच सांगायचा नाही. नवऱ्यालाही नाही. मी तो नियम इतका पाळला की घरमालकीण, "काय करतेस गो तिकडे दिवसभर?" म्हणून विचारायची तेव्हा, "लिहिते," एवढंच सांगायचे. त्यांना वाटायचं, मी गर्वाने बोलत नाही. त्या एका गप्प राहण्याने माझा घात केला, पण ते पुढे.

आता तो प्रश्न.

हिरकणीवाडीच्या व्हिडिओंमध्ये शेवटाला एक तुकडा होता. दुकानांपासून खाली उतरल्यावर, उतारावरच्या शेताचा. छोटासा चौकोन पेटलाय. धूर उठतोय, खालून ज्वाळा सरकताहेत. एक माणूस हातात हिरवी डहाळी घेऊन नुसता उभा. एक बाई पदर नाकाला लावून बघतेय. आणि बांधावर एक म्हातारी, आगीकडे पाठ करून, निवांत मिश्री लावतेय. कोणी हलत नाही. घागर नाही, ओरडा नाही.

मी तो तुकडा बघितला आणि मागे नेऊन परत बघितला. मी लहान असताना आमच्या कडब्याची गंजी पेटली होती. भर उन्हाची. अख्खं गाव घागरी घेऊन धावलं, माझ्या भावाच्या भुवया जळाल्या. आणि दोन घरं आली नाहीत. ओट्यावर उभी राहून बघत होती. त्या दोन घरांच्या लग्नाला आम्ही अजून जात नाही. आमच्याकडे आग लागली की माणूस कसा आहे ते कळतं, असं आई म्हणायची. आणि इथे? स्वतःचं शेत जळतंय आणि म्हातारी दात घासतेय. मला वाटलं, हे असेच हे लोक. माझ्याशी जसे वागतात तसेच जळत्या शेताशीही. तो प्रश्न मी रागाने लिहिला, आणि राग असल्यामुळे चांगला उतरला.

'शेताचा एक तुकडा पेटलेला आहे. माणसे जवळ उभी आहेत, विझवायला कोणी धावत नाही. बांधावर एक म्हातारी आगीकडे पाठ करून बसली आहे.'

मिश्री मुद्दाम वगळली. फार सोपं झालं असतं. एवढा निर्दयपणा ढिगात दोनदा असणार नाही, याची मला खात्री होती. माझ्या भागात तो एकदाच होता, ते मी सगळं परत बघून ठरवलं. उरला पदवीधराचा भाग.

त्याने रजिस्टर ओढून घेतलं. वाचलं. परत वाचलं.

"विझवायला कोणी धावत नाही?"

"नाही ना. मी बघितलंय."

"असं." त्याने माझ्याकडे बघितलं. फार दिवसांनी सरळ बघितलं. "म्हातारी पण बघितलीत?"

"बघितली."

"बरं," म्हणाला, आणि सही केली. 'माझ्या भागात असं नाही.' अक्षर सुंदर आहे त्याचं.

चाचणी फेब्रुवारीत झाली, महाडातल्याच एका हॉलमध्ये, सकाळच्या वेळी. चार गट आले होते. प्रत्येकाचं टेबल, त्यावर दोन-दोन स्क्रीन. समोर मोठा पडदा, त्यावर प्रश्न आणि घड्याळ. मागे बघायला आलेली गावातली माणसं, काही मास्तर मंडळी. बाजूला पंचांचं टेबल, तिथे मॅडम, पदवीधर आणि मी. नवऱ्याने घेतलेली ठेवणीतली साडी नेसून मी बसले होते.

पहिला प्रश्न टिकला. दुसऱ्या वाक्याला एका गटाने काढला, तिसऱ्याला दुसऱ्याने. मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. दुसराही टिकला. भजीवाल्याचा होता तो. तेल चपलेवर पडलं तेव्हा लोक हसले. मला वाटलं, सुटलो आपण.

तिसरा आला. 'शेताचा एक तुकडा पेटलेला आहे.'

दहा सेकंद झाले नसतील, पहिल्या टेबलाने उत्तर पाठवलं. लाल दिवा. दुसऱ्या टेबलाने पाठवलं. लाल. पहिल्याने परत पाठवलं. लाल. चौथ्याने. लाल. गुण धडाधड कापले जात होते. दुसरं वाक्य आलं आणि लाल दिवे वाढले. तिसरं आलं, तरी वाढले. चष्मेवाली एक मुलगी उठून उभी राहिली.

"हे चूक कसं? बघा तरी एकदा! तुम्ही लिहिलंय तेच आहे."

"आमचंही तेच आहे," पलीकडचा म्हणाला. "इथे सगळीकडेच पेटलंय!"

आणि मागच्या रांगेतून एक मास्तर, पोट धरून हसत, मोठ्याने म्हणाले, "अहो, राब भाजतायत ते! अख्खा तालुका भाजतो उन्हाळ्यात. एक कुठला काढणार?"

हॉल हसला. राब हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्याचा अर्थ कळायच्या आधीच मला कळलं की माझं संपलं.

मॅडमनी घड्याळ थांबवलं. चष्मेवालीचं उत्तर मोठ्या पडद्यावर लावलं. कापड्याकडचं शेत. तसाच चौकोन, तशीच आग, तशीच उभी माणसं. बांधावर एक म्हातारी, पाठ आगीकडे, थोडी कुशीला वळलेली. एकच उत्तर असलेल्या प्रश्नावर तक्रार आली तर जुळतं की नाही हे प्रश्न लिहिणाऱ्यानेच सांगायचं, असा आमचा नियम. पदवीधर आपली नखं बघत होता.

मॅडम माझ्याजवळ वाकल्या. हळू म्हणाल्या, "तिसऱ्या वाक्यात म्हातारी पाठ करून बसलीय. इथली अर्धी वळलेली आहे. हो ना?"

त्या विचारत नव्हत्या, मला धरायला फांदी देत होत्या. 'जुळत नाही' एवढं म्हटलं असतं तर गटांनी कुरकुर केली असती आणि चाचणी पुढे गेली असती. चार कॉलेजांसमोर त्यांचीही इज्जत होती, आणि त्यांचं मीठ मी आठ महिने खात होते. माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं, हे मी लपवत नाही.

पण मी बाजूला बघितलं. पदवीधर आता नखं बघत नव्हता, मला बघत होता. मी खोटं बोलले तर त्याचा साक्षीदार हाच असणार. उद्यापासून रोज पंख्याखाली हा माणूस, आणि माझं खोटं याच्या खिशात. 'आठवी' म्हणायचा ते परवडलं. त्या चष्मेवाल्या मुलीची मला दया आली वगैरे काही नाही. मला फक्त याच्या हातात काही द्यायचं नव्हतं.

"जुळतं," मी म्हटलं. आवाज मोठाच निघाला, आमच्याकडे शेतातून हाक मारतात तसा. "तिन्ही वाक्यं जुळतात. प्रश्न माझा आहे आणि चुकलाय."

मॅडम सरळ झाल्या. माइकवर सांगितलं, प्रश्न रद्द, कापलेले गुण परत. माझ्याकडे त्यांनी दिवसभर परत बघितलं नाही. उरलेले तीन प्रश्न कसे गेले ते मला आठवत नाही, टिकले एवढं माहीत आहे.

जिन्यात मी पदवीधराला गाठलं.

"सही केली होती तुम्ही."

"केली."

"तुमच्या भागात असं नाही, म्हणून."

"नायच हाय." रागावला की त्याचं ऑफिसचं मराठी गळून पडायचं. "तुम्ही आग लागली म्हणून लिहिलंत. आमच्याकडे कुठं आग नाय लागली. राब भाजलाय. आग लागली असती तर धावलो नसतो काय आम्ही? माणसं नाय आम्ही?"

"पेटलेला आहे, असं लिहिलं होतं मी."

"आणि विझवायला कोणी धावत नाही, ते कोणी लिहिलं? काय समजता काय आम्हाला?"

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"मला माहीत असणं माझं काम नाय, आठवी. प्रश्न तुमचा." आणि खाली उतरून गेला.

त्याला माहीत होतं. तेव्हाही मी हेच म्हणत होते, आजही म्हणते. पण त्याला राग कशाचा आला होता, हे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी घरमालकीण पडवीत वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या होत्या. त्या उमरठच्या, भातशेतीतल्या. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, आणि म्हातारीपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"अगो, आग कसली? राब तो! जमिनीवर शेण पसरायचं, वर तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, पाला, गवत, त्याच्यावर माती, आणि भाजायचं. मग पावसात तिथंच भात पेरायचं, तरवा काढायचा, म्हणजे लावणीची रोपं. राब भाजला नाय तर रान माजतंय नुसतं." त्यांना हसू आवरेना. "आणि धावायचं कशाला, घागर घेऊन? विझवलंस तर रोपं काय डोक्यावर वाढवू?"

"मग ती म्हातारी पाठ करून का बसली?"

"धूर डोळ्यात जातो म्हणून! तू काय तोंड करून बसशील?" डोळे पुसत म्हणाल्या, "मला आधी विचारायचं नाय काय? एवढी शिकलेली तू!"

एवढी शिकलेली. त्यांनी टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी खोलीत जाऊन गावाकडे न्यायची पिशवी खाली काढली. रविवारी नवरा आला तर त्याला काय सांगायचं, ते जुळवत बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, भात करपल्यावर बाईचा होतो तसा.

"बोलण्याआधी तुम्ही माझ्याकडे बघायला हवं होतं."

मी बघितलं नव्हतं, कारण बघितलं असतं तर बोलले नसते. ते सांगितलं नाही. "चुकलं," म्हटलं.

"प्रश्न तुमच्याकडून काढून घेतेय."

"हो."

"आणि तपासणीत नुसती सही आता चालणार नाही. दुसऱ्याने प्रश्न घेऊन आपल्या भागात खरोखर शोधायला बसायचं आणि जवळात जवळचे पाच तुकडे काढून दाखवायचे. नाही सापडले तरच सही." त्या कागद लावत होत्या. मी उठले. "बसा. माझं झालेलं नाही. पुढच्या वेळी 'सापडतील तितके काढा' असे प्रश्न वाढवतेय. त्यात उत्तरं शंभर येतात, आणि प्रत्येकाला जुळतं की नाही हे माणसाने बघून सांगावं लागतं. जागच्या जागी. समोरचे भांडतात. मी सांगितलं तरी भांडतात, आणि मी कधीकधी त्यांचं ऐकते." त्यांनी कागद बाजूला ठेवले. "तिथे तुम्ही बसा. लोकांना राग आला तरी चालेल, असं माणूस पाहिजे मला."

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं नव्हतं. शिव्या दिल्यासारखंच वाटलं. पण म्हणजे मार्चनंतर काम होतं. मी परत आभार मानले. दोनदा मानले बहुतेक.

पहिलं काम लगेच आलं. तो चुकलेला प्रश्न वाया घालवायचा नाही, त्याचा 'राब भाजताना दिसेल असे सापडतील तितके तुकडे काढा' असा नवा प्रश्न करायचा. त्यासाठी दोन्ही तालुक्यांतले सगळे राब आधी आम्ही दोघांनी बसून बघायचे, आणि कुठला धरायचा, कुठला नाही, ते लिहून ठेवायचं. आम्ही दोघांनी म्हणजे मी आणि पदवीधराने. एकाच स्क्रीनवर. व्याख्या मॅडमनी फळ्यावर लिहिली होती, 'ज्वाळा दिसली पाहिजे.'

आठवडाभर आम्ही तसे बसलो. माझी खुर्ची जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब. तो तुकडे लावायचा, मी 'धरा' किंवा 'सोडा' म्हणायचे, तो लिहायचा. त्याला प्रत्येक शेत माहीत. "हे आमच्या आतेचं." "हे मास्तरांचं, दरवर्षी उशिरा भाजतात." मला सांगत नव्हता, तोंडातून निघत होतं. मी विचारायचे नाही. पण ऐकून ऐकून मला धुरावरून कळायला लागलं, खाली शेण जास्त आहे की पाला.

गुरुवारी एक तुकडा लागला. उतारावर करड्या राखेचा चौकोन, कडेने दोऱ्याएवढा धूर. एक म्हातारा माणूस वाकून राख हाताने सारखी करत होता. पदवीधराने ताबडतोब 'धरा' लिहिलं.

"थांबा," मी म्हटलं. "ज्वाळा कुठाय?"

"ज्वाळा झाली. आता राख झालीय. सकाळी भाजलाय तो."

"दिसत नाही."

"मी होतो तिथं! माझे वडील आहेत ते." त्याने बोट स्क्रीनवर टेकवलं. "आमचा राब हाय हा."

मी परत लावायला सांगितलं. त्याने लावला. मी तिसऱ्यांदा बघितला, कडेकडेने, एकेका फ्रेमने, कुठे तरी एक ठिणगी दिसावी म्हणून. खरंच त्यासाठीच बघितला. नव्हती.

"असेल तुमचा," मी म्हटलं. "सोडा."

"मुद्दाम करताय तुम्ही."

"समोरच्या गटाने हाच पाठवला असता आणि मी धरला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

तो पेनचं टोपण काढून लावत राहिला. मग 'धरा' खोडलं, इतक्या जोराने की कागद फाटला, आणि शेजारी त्याच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'सोडा.'

"पुढचा लावा," मी म्हटलं.